दाजींचा कोंडा

आमचे दाजी लग्नाच्या पंगतीतसुद्धा खिशातून गव्हाच्या कोंड्याची पुडी काढत आणि वरण-बट्टीवर, वांग्याच्या भाजीवर, एकदा तर चक्क आमरसावर भुरभुरत. शेजारचा पाव्हणा बघायला लागला की म्हणत, "तुम्ही जेवता, मी औषध घेतो." असलं दीडशहाणं माणूस अख्ख्या दोंडाईच्यात दुसरं नसेल.

मोबाईलवर कुणाचं तरी कोंड्यावरचं भाषण ऐकलं, झालं! घरातली चाळणी भंगारात गेली. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजत घाली. ती आंबून वास सुटला की दाजी नाक दाबून उकिरड्यावर ओतून येत. "सडकं खाऊन कुणाच्या अंगी लागलंय?" खान्देशात जन्मून बिबड्यांना सडकं म्हणणारा माणूस! काय बोलावं?

मग अक्काचं रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दाजी ती गोळी तिला वाटीभर कोंड्याच्या पेजेबरोबर घ्यायला लावत. "कोंड्यातही लोह, गोळीतही लोह. डबल फायदा!" महिने गेले, अक्का पांढरीफटक ती पांढरीफटकच. शेवटी पाण्याची कळशी उचलताना ती कोसळली, तेव्हा मी तिला धुळ्याला माझ्याकडे घेऊन आले.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पेजेचं ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, कोंडा वाईट नाही. पण त्यातला एक घटक लोहाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. धान्य भिजवून आंबवलं की ती पकड सैल होते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, जेवणापासून लांब." म्हणजे अंगी लागणारं उकिरड्यावर, आणि बायकोच्या घशात कोंडा! तोंडात आलेली शिवी मी कशीबशी गिळली.

उन्हाळा सरता सरता अक्काच्या गालांवर रंग आला. दाजी न्यायला आले आणि तिला बघून म्हणतात कसे, "बघा, कोंड्याचा गुण सावकाश येतो!"

मी तोंड उघडणार, तोच अक्का उठली. आयुष्यात जिने नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं, ती माझ्या स्वयंपाकघरातून चाळणी घेऊन आली. "मी येस. पण हाई चाळणी मन्हासंगे येई. तुमना कोंडा आते बठ्ठा म्हशीले घाला." सगळाच्या सगळा कोंडा म्हशीला!

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बसस्टँडवर चाळणीची पिशवी मात्र त्यांनी गुपचूप आपल्या हातात घेतली. तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडला.