सिस्टरांशिवाय वैरागच्या वाटेवर

नर्सची नोकरी संपल्यावर पहिली सहल कुठे, तर सोलापूरला, तीही ऐन एप्रिलात! मुलगी म्हणाली, "आई, लोक महाबळेश्वरला जातात गं." पण आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर एका सिस्टरांनी आवाहन केलं होतं. सोलापूरच्या त्यांच्या मठात आता दोघीच उरल्यात. अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन सेवा चालू ठेवायची, तर संसारी माणसांनी हात लावायला हवा. मी आठवड्यासाठी नाव दिलं.

सकाळची गाडी धरली तर जेवायला सोलापूर. मठात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. वाढत होती पद्मा. घरी तेलुगू बोलणारी, विणकरांच्या घरातली. तिच्या आईचं शेवटचं आजारपण मठातल्या सिस्टर फिलोमिनांनी काढलं, तेव्हापासून ही त्यांच्याबरोबर गावोगाव जाते.

"लोक विचारत असतील, धर्म बदलणार का?" मी तिला विचारलं.

"विचारतात की. मी म्हणते, आधी आजीची पाठ पुसू द्या, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर फिलोमिना पायरीवरून घसरल्या. घोटा टम्म सुजला. त्या दिवशीची फेरी वैरागकडच्या खेड्यातली होती.

"तुम्ही दोघी जा," त्या म्हणाल्या.

पद्माचा चेहरा उतरला. "तुमच्याशिवाय?"

"काम माझं एकटीचं कधी होतं, पद्मा?"

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण पाणी घरूनच न्या. खिडकीतून येणारा वारा तव्यावरचा. शेतं मोकळी, बांधाला कडब्याच्या गंजी. वैरागला उतरून माणसं भरभरून नेणाऱ्या वडापच्या जीपने पुढचं गाव गाठलं.

सीताआजी आम्हाला बघताच म्हणाली, "सिस्टर कुटं हाय? तुमी कोन?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. कमरेखाली तिला हालचाल नाही. मुलगा ट्रकवर, घरात सून मंगल एकटी. मी पाठीच्या जखमेसाठी सामान काढत होते. पद्मा मात्र मंगलकडे बघत होती. ती चुलीपाशी डोळे पुसत होती. सांगोल्याला भावाच्या मुलीचं बारसं होतं, त्याच दिवशी.

"जा की मग," पद्मा म्हणाली. "उद्या ये. आम्ही राहतो हितं."

मंगल सासूकडे बघत उभीच. शेवटी भिंतीकडूनच आवाज आला, "जा गं. पोरीला माज्याकडनं काजळ लाव."

मंगल गेल्यावर आजी रडली. "माज्यापायी लई आडकली बिचारी." मग तिने जखम धुऊ दिली. संध्याकाळी केसही. पद्मा तेल लावताना तेलुगूत काहीतरी गुणगुणत होती. आजीला कळत नव्हतं, तरी 'आनखी म्हन' म्हणाली.

दुसऱ्या दुपारी मंगल आली ती हातभर हिरव्या बांगड्या घालून. आजीने त्या चाचपून पाहिल्या, बाळाचं नाव विचारलं. आम्ही निघताना मंगल जीपपर्यंत आली.

"पल्याडच्या आळीत एक म्हातारं पडून हाय. तेच्या घरी मी जाऊ का? मला येतं सगळं आता."

मठात आम्ही हे सिस्टरांना सांगितलं. सुजलेला पाय तसाच ठेवून त्या पद्माचा हात कितीतरी वेळ धरून बसल्या.

पुण्याला येऊन तिथून आणलेल्या सोलापुरी चादरी वाटल्या, चटणी संपली. आमच्या मजल्यावर जोशीकाका वर्षभर अंथरुणात आहेत. इतके दिवस मी जिन्यात काकूंना "कसे आहेत?" विचारून पुढे जात असे. काल त्यांची बेल वाजवली.

"काकू, चप्पल घाला आणि बाहेर फिरून या. काकांपाशी मी बसते."


त्या दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठे जाऊ गं? बाहेर कुठे जायचे मी, मला आठवतच नाहीये."