वडिलांची सही

“मैडम, इरा आज भी नहीं आई?”

फादर माझ्या खोलीच्या दारात उभे होते. याआधी त्यांनी कधी या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. इरा अकरावीतली, माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलगी. चार दिवस तिची गैरहजेरी लागत होती.

“आप उसे कैसे जानते हैं, फादर?”

ते खुर्चीत बसले. “उसने मुझे सब बताया था. मैंने वचन दिया था कि किसी से नहीं कहूँगा.”

मी झाशीतल्या एका मिशनच्या शाळेत काउन्सेलर आहे. फादर आवारातल्या चर्चचे धर्मगुरू. दोघांचं काम ऐकून घेण्याचंच, पण रीत वेगळी. माझ्याकडे मूल स्वतःहून क्वचित येतं, क्लास टीचर पाठवतात. सोबत रेफरल फॉर्म असतो, म्हणजे का पाठवलं त्याची चिठ्ठी. मग फाइल उघडायची आणि शेवटी ‘प्रगती’ लिहायची. शाळेच्या लेखी प्रगती म्हणजे मार्क. शिवाय पहिल्याच भेटीत मला सांगावं लागतं, की तुला धोका आहे असं दिसलं तर मी वर कळवीन. नियम चांगला आहे, पण तो ऐकला की निम्मी मुलं तोंड मिटतात. फादरांकडे फॉर्म नाही, फाइल नाही. चर्चमागच्या बाकावर कुठल्याही धर्माच्या मुलाने येऊन बसावं, तिथलं बोलणं तिथेच राहतं. स्टाफरूममध्ये मी त्याची थट्टा करायचे. आता त्याची लाज वाटते.

इरा फिजिक्समध्ये नापास झाली म्हणून तिला पाठवलं होतं. फॉर्मवरचं आडनाव वाचून मी खूश झाले. झाशीत मराठी घरं मोजकीच. आमचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचे वडील महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले इंजिनिअर. तिची आई मला हळदीकुंकवाला भेटायची. मी सरळ मराठीतच सुरुवात केली.

“काय गं, घरी सगळं बरं ना?”

“हो काकू, सगळं छान आहे.”

काकू ऐकून मी विरघळले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ज्या घरी आपलं जाणंयेणं आहे तिथलं मूल घ्यायचं नाही, दुसऱ्याकडे सोपवायचं, हे आमच्या पेशात पहिल्या वर्षी शिकवतात. पण दुसरं होतं कोण? आणि मला वाटलं, आपल्या भाषेत पोरगी मोकळी होईल. तिच्यासाठी मात्र मराठी ही घरातली भाषा होती आणि मी आईची मैत्रीण. माझ्याशी ती काय बोलणार होती?

मी नेहमीचा उपाय केला. दर शनिवारी छोटी टेस्ट, पेपर तपासून त्याच दिवशी घरी, सोमवारी त्यावर वडिलांची सही. तिची आई भेटली तेव्हा तिलाही बजावलं, “सही चुकवू नका हं.” सह्या अगदी वेळेवर यायच्या. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘पालकांचं उत्तम सहकार्य’.

फादरांनी त्या दिवशी माझ्या खोलीत सांगितलं, की महिन्याभरापूर्वी इरा त्यांच्या बाकावर येऊन बोलली होती, वडील तिला पट्ट्याने मारतात. पूर्वी परीक्षेचा निकाल लागला की मारायचे. माझ्या टेस्ट सुरू झाल्यापासून दर रविवारी.

मला राग आला, तोही फादरांवर. “आप महीने भर से जानते थे!”

“हाँ. वो कहती थी, बात बाहर गई तो पापा माँ को भी मारेंगे. मैं प्रार्थना करता रहा.”

“बस, प्रार्थना?”

“और आप, मैडम?” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आम्ही दोघं प्रिन्सिपलांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “लिखित में क्या है?” फादरांनी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. माझ्या फाइलमध्ये होतं ते उत्तम सहकार्य.

“बच्ची से लिखवा लीजिए, फिर देखेंगे.”

मुलगी शाळेत येत असती तर लिहून घेतलं असतं. मी त्यांना न विचारता बाल कल्याण समितीसाठी तक्रारअर्ज लिहिला. फादरांनी वचन मोडून माझ्या सहीखाली आपली सही केली. पण प्रिन्सिपलांनी त्याच संध्याकाळी इराच्या वडिलांना फोन करून ‘मामला क्या है’ विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज देईपर्यंत इरा झाशीत नव्हती.

शाळा सोडल्याचा दाखला न्यायला तिची आई आली. मी दार लावून विचारलं, “वहिनी, तुम्हालाही मारतात का?”

“छे हो, काहीतरीच.” तिने माझे हात धरले. “तुम्ही किती लक्ष दिलंत तिच्याकडे! आता तिच्या काकांकडे ठेवलीय, गावी. ते ह्यांच्यापेक्षा कडक आहेत. दर शनिवारी टेस्ट घ्यायला सांगितलंय त्यांना, तुमच्यासारखी.”

गावाचं नाव तिने सांगितलं नाही. समितीची माणसं इराच्या घरी गेली, पण मुलगी इथे नाही एवढंच ऐकून दारातूनच परतली.

ओळखीच्या घरचं मूल मी आता घेत नाही, म्हणजे या शहरात मराठी मूलच घेत नाही. फादर हल्ली मुलांना आधीच सांगून टाकतात, की मी गप्प राहीनच असं नाही. त्यांच्या बाकावरही आता कुणी येऊन बसत नाही.