सहा नापसंत्या अण्णांच्या, सातवी माझी

मंडळी, आज दुपारी सांगलीच्या सायबर कॅफेत जे पाहिलं, ते आपल्या या चर्चा-फलकावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेजारच्या कॉम्प्युटरवर तासगावचे अण्णा बसले होते. बेदाण्याचे व्यापारी, आपल्यात सगळ्यात जास्त पसंती मिळवणारे. वहीतली नावं बघून ते वेगवेगळ्या नावांनी फलकावर शिरत होते आणि रहिमतपूरच्या शैलाताईंच्या कालच्या पत्राला नापसंती देत होते.

शैलाताई नर्स आहेत. बेदाण्याला गंधकाची धुरी देताना बायकांना दम लागतो, त्यांना तेवढा वेळ शेडबाहेर थांबवा, एवढंच त्या लिहितात. त्यांचं मागच्या आठवड्यातलं पत्र सात नापसंत्या पडल्यामुळे नियमाप्रमाणे फलकावरून गायब झालं होतं.

"आवं अण्णा, ह्ये काय?" मी विचारलं.

"बाईचं खरं हाय रं गड्या," ते हळूच म्हणाले. "पर समद्यांनी वाचलं तर शेडवर कामाला बाया येतील व्हय? मागचं पत्र असंच घालवलं, सहा नावांनी."

सहाच. सातवी नापसंती माझी होती.

कॅफेतूनच मी शैलाताईंना फोन लावला, माफी मागितली.

"तुम्ही माझं पत्र वाचलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधीच सहा नापसंत्या दिसल्या, म्हणून..."

"मग मी चुकले हे तुम्ही ठरवलंत कशावरून?"

यापुढे फलकावर लिहिणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अण्णांनी निदान वाचून तरी नापसंती दिली होती. तुमच्यापैकी किती जण माझ्यासारखे आहात?