आढीवरची चिठ्ठी

आई गेल्यावर मी ठरवलं, वर्षश्राद्धापर्यंत तिच्याबद्दल रोज एक पान लिहायचं. थंडीभर जमलं. मग बागेतले आंबे उतरायला लागले आणि वही फळीवरच राहिली. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारपासून पडवीत आंबे निवडून पिकायला पेंढ्यात आढी लावायची. त्यात मुंबईहून फोन, पेटी कधी मिळणार? मी सगळ्यांवरच करवादत असे.

प्रत्येक आढीवर आम्ही तारखेची चिठ्ठी ठेवतो, म्हणजे कुठला आंबा कधी पिकेल ते कळतं. पान नाही तर नाही, त्या चिठ्ठीच्या मागे मी रोज आईबद्दल एक ओळ लिहू लागले. ‘आंबा अंगठ्याने दाबू नको, वासावरून ओळख, असं ती म्हणायची.’

हंगाम संपल्यावर जमवलेल्या चिठ्ठ्या वहीत उतरवायला बसले. एकीवर होतं, ‘आज आईची आठवणच आली नाही.’ त्याऐवजी ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहून टाकावंसं वाटलं. पण खोटं तिला कधी खपलं नाही. ओळ होती तशीच उतरवली आणि उरलेलं पान कोरं सोडलं.