मोटारीचं उघडं दार

पेट्रोलचा वास आला की मला ती मोटार आठवती. लेकरू तापानं फणफणलं होतं, म्हणून जहागीरदाराच्या पोरानं आमाला आपल्या मोटारीत बिदरच्या दवाखान्याला नेलं. सासरे म्होरं त्याच्याजवळ, मी लेकरू घिऊन मागं. कमठाणा गाव माघं सुटलं, लाल रस्ता सरळ लागला, अन् त्यानं मोटार अशी सोडली की बाभळी दिसंनात. सासरे पोरावानी वरडायलते, "हाणा मालक, हाणा! त्या पाशिंजरांच्या सर्विस मोटारीला माघं टाका!" तेवढ्यात माज्याकडचं दार खटकन उघडलं. एका हातानं लेकरू आवळलं, दुसऱ्यानं दार वढून धरलं. आमच्यात सून सासऱ्याला बोलत न्हाई, लेकराला सांगून ऐकवती. म्हणून मी लेकरालाच सांगायलते, "बाळा, आज्याला म्हण, थांबवा, दार उघडलंय." वाऱ्यात कुणाला ऐकू येतंय! दवाखान्याम्होरं थांबल्यावर सासऱ्यानं दार बघितलं. "आगं, कामून बोलली न्हाईस?" मी लेकरू घिऊन आत पळाले. लेकरू वाचलं. आता ते आज्याच्या मांडीवर बसून त्याच मोटारीची गोष्ट ऐकतंय, अन् म्हणतंय, "मी बी तशीच हाणणार." सासरे हसायलेत, अन् मी चुलीम्होरं पदर वढून बसलेय. आता कुणाला सांगून ऐकवू?