नाव आल्याशिवाय ढोलकी थांबत नाही

मदिनाचे बाबा पुण्यात आले, तर ऑफिसातले सगळे त्यांना शनिवारवाडा दाखवायला निघाले. मी म्हटलं, आमच्या गावी, निमोण्याला नेते. मदिना माझी सहकारी, मूळची चेचन्याची. तिचे बाबा मुसा गाणी रचतात आणि आमच्या निमोण्याचे किसनआप्पा भीमगीतं रचतात. दोघांना एका सतरंजीवर बसवायची मला भारी हौस!

रविवारी सकाळी निघालो. शिक्रापूरला ट्रकांची रांग लागतेच, तेवढ्यात मिसळ खाऊन घ्यावी. तिथं मदिनानं सांगितलं, युद्धात बाबा तळघरात बसून गाणी रचायचे. गाणी तोंडोतोंडी गावोगाव गेली. पण नाव फुटलं की दारात सैनिक, म्हणून कुणाची ते घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. युद्ध सरल्यावर एकट्या मदिनाला सांगितलं, पण लपवायची सवय राहिली.

निमोण्याला आप्पांच्या अंगणात पिठलं-भाकरी झाली. ठेच्यानं मुसांचे डोळे वाहिले, तरी त्यांनी परत मागितला. मग त्यांनी गाणं धरलं, आप्पांनी ढोलकी. मदिना अर्थ सांगत होती: वर विमानं घोंगावताहेत आणि एक बाई हरवलेल्या शेळीला शिव्या घालत गल्लोगल्ली हिंडतेय!

गाणं संपलं, ढोलकी थांबेना. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, त्याशिवाय गाणं पुरं होत नाही. मुसांना वाटलं, फर्माईश आहे. त्यांनी शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. घामाघूम झाले बिचारे.

"पाव्हणं, नाव घ्या की! कवाधरनं वाट बघतुया," आप्पा ओरडले.

मदिनानं बाबांना ते समजावलं. मुसांनी मानेनंच नकार दिला. मग तिनं आप्पांना कारण सांगितलं.

"आमच्या आज्याचंबी नाव कुणी धड घेत नव्हतं," आप्पा म्हणाले. "म्हणून तर आम्ही गाण्यात घालतो. घ्या, हितं कोण येतंय दार वाजवाया?"

मुसांनी घसा खाकरला. शेवटच्या ओळीत 'मुसा' आला आणि ढोलकीनं असा तोडा दिला की कोंबड्या उडाल्या. माझे डोळे भरून आले, आणि ते ठेच्यानं नव्हे.

परतताना चौफुल्यावरून सोलापूर रस्ता धरला, कासुर्डीपाशी उसाचा रस प्यायलो. खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि मिसळ. आप्पा पैसे घेत नाहीत, मिठाई न्या.

परवा मदिना हसत आली. बाबांनी गावाकडच्या बहिणीला फोनवर ते गाणं नावासकट ऐकवलं. आत्याबाईंनी आधी यथेच्छ शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती शेळीवाली मी होते? आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्यासारखी वेडी आणखी एक कुठंतरी आहे. तिच्या जिवावर दिवस काढले रे!"