तांदळातलं नाव

सुनेचं नाव मी बदललं. तिचं माहेरचं नाव आणि माझ्या जावेचं नाव एकच होतं, आणि जावेशी मी तेव्हा अकरा वर्षं बोलत नव्हते. भिंतीपलीकडे ती, आणि अलीकडे माझ्याच घरात दिवसभर त्याच नावाने हाका मारायच्या, हे मला चालणारं नव्हतं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, मुलाच्या हातात अंगठी दिली आणि काय लिहायचं ते त्याच्या कानात सांगितलं. त्याने लिहिलं. सून खाली मान घालून बघत होती. तिला कुणी विचारलं नाही. माझ्या वेळी मलाही विचारलं नव्हतं.

पुढे आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, सगळीकडे मी दिलेलंच नाव लागलं. मला वाटलं, विषय संपला.

सून नर्स, यावलकडची, लग्नाआधीच शिकून नोकरीला लागलेली. मुलगा दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे वायरमन. दोघं जळगावला खोली घेऊन राहत आणि मी इथे सोनगीरजवळ गावात. एकदा पायाला सूज आली म्हणून मी न कळवता बसने जळगावला तिच्या दवाखान्यात गेले. खिडकीवर सुनेचं नाव सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, या नावाची सिस्टर आमच्याकडे नाही. नीट बघ म्हटलं तर तिने रजिस्टर उघडून बघितलं. नव्हतंच. माझ्या मनात नको ते येऊन गेलं. रोज सकाळी डबा घेऊन ही बाई जाते तरी कुठे? तशीच बाकावर बसून राहिले. तासाभराने पांढऱ्या कपड्यात सूनच समोरून आली. मागून कुणीतरी तिला हाक मारली, जावेच्या नावाने. तिने लगेच वळून ओ दिली. माझ्या घरात ती तिसऱ्या हाकेला यायची.

शिक्षणाचे सगळे कागद आणि नर्सिंगची नोंदणी जुन्या नावाची, म्हणून नोकरीही त्याच नावाने, असं तिने सांगितलं. असेल. पण इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं, आणि जे सांगितलं जात नाही त्यात काहीतरी असतं. तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवूनच होते.

मग कॅनडा निघालं. तिकडे नर्स कमी आहेत, हातात कसब असलेल्या माणसाला ते कायमचं राहू देतात, असं मुलाने सांगितलं. कुणाला घ्यायचं ते गुणांवर ठरतं. शिक्षणाचे गुण, नोकरीच्या वर्षांचे, इंग्रजीच्या परीक्षेचे, वयाचे. वय वाढलं की गुण कमी. माणसाचं वय असं मोजतात हे मी सोयरिकीतच ऐकलं होतं. आणि अर्ज सुनेचा. मुलगा तिचा नवरा म्हणून सोबत जाणार. पोराने बायकोच्या कागदावर जायचं, हे मला पटलं नाही. तसं मी बोलले. तो म्हणाला, माय, तिचे गुण जास्त आहेत. गावात बातमी फुटली तशी शेजारीण विचारू लागली, "अक्का, आते तू बी विमानमा बठशी का?" ते मलाच माहीत नव्हतं.

मुलगा मला जळगावला एजंटच्या ऑफिसात घेऊन गेला तेव्हा पहिलं मी तेच विचारलं. काचेचं टेबल, भिंतीवर बर्फाचे फोटो. असल्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. पलीकडच्या एका गावात असाच एक जण पोरांचे पासपोर्ट गोळा करून नाहीसा झाला होता. मी विचारलं, यात माझं नाव कुठे आहे? एजंट हसला. म्हणाला, मावशी, त्यांच्या हिशोबाने कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लेकरं. आई त्यात येत नाही.

मग मला कशाला आणलं? तर सही पाहिजे होती. पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, तेव्हा या दोन बाया नसून एकच बाई आहे हे पटवून द्यायचं होतं. सुनेने स्वतः तसं लिहून दिलं होतं. पण ज्या वडीलधाऱ्याने नाव बदललं त्यानेही वकिलासमोर लिहून दिलं तर शंका राहत नाही, असं एजंटचं म्हणणं. पोळ्यानंतर सुनेचा वाढदिवस होता. त्याआधी अर्ज गेला नाही तर वयाचे गुण घटणार आणि नंबर हुकणार.

कागद इंग्रजीत होता. मी चौथी शिकलेली, मराठी वाचते. एका म्हाताऱ्याने दवाखान्याचा कागद म्हणून सही केली आणि त्याचं शेत भावाच्या नावावर गेलं, हे मी डोळ्याने पाहिलेलं आहे. "माले मराठीमा वाची दाखाड," मी मुलाला म्हटलं. त्याने वाचलं, पण तो भराभर वाचत होता. कागद पिशवीत घालून मी घरी आले.

गावात निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. त्यांच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. शेताचं काही नव्हतं, घराचं काही नव्हतं. एकाच ठिकाणी त्यांना थांबवलं. तिथे लिहिलं होतं, आमच्या घराण्याच्या प्रथेप्रमाणे नाव बदलले. मी दोनदा वाचायला लावलं.

मग कागद डाळीच्या डब्यात ठेवला. मुलाचा फोन आला की सांगायचे, चष्मा मोडला आहे, करून आणते. चार दिवस हेच. खोटं बोलत होते, आणि का ते मला माहीत होतं. काहीच केलं नाही तरी वाढदिवस येणार होता.

पाचव्या दिवशी सून एकटीच आली, सुट्टी घेऊन. पाणीसुद्धा न घेता समोर बसली.

"आई, चष्मा तुमच्या नाकावर आहे."

मी चष्मा काढून पदराने पुसला.

"सही नसेल करायची तर तसं सांगा. नाव बदलताना मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुम्हाला विचारतेय."

मी उठून डब्यातून कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हाई खोटं शे. अशी प्रथा नही आपला घरमा." आणि मग खरं काय ते सांगितलं. जाव, भांडण, भिंत, सगळं. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर भांडेल.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी काकींनीच भिंतीवरून सांगितलं."

म्हणजे भिंतीवरून बोलणंही चालत होतं. तेही मला कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत जळगावला गेले. वकील म्हणाला, मावशी, प्रथा लिहिलं तर काय बिघडतं, सगळे तेच लिहितात. मी म्हटलं, सगळ्यांची सही घ्या मग. त्याने चडफडत कागद नवीन केला. लग्नाच्या वेळी सासूने नाव बदलले, एवढंच, आणि या वेळी मराठीत. इंग्रजी त्याने वेगळं जोडलं. मी वाचलं आणि सही केली. मला माया आली होती असं कुणी समजू नये. अडवायला जे कारण धरून बसले होते, ते खोडलं गेलं होतं. दुसरं कारण सांगायची माझी तयारी नव्हती.

अर्ज वाढदिवसाच्या आत गेला. दीड वर्षाने दोघं गेली. आता मी एकटी आहे, आणि भिंतीवरून जावेशी बोलते, कामापुरतं.

गेल्या महिन्यात सुनेने तिच्या कार्डाचा फोटो फोनवर पाठवला. कायमचं राहण्याचं कार्ड. पासपोर्टवर जे नाव तेच त्यावर येतं, म्हणजे जावेच्या रागाने मी दिलेलं. तिकडच्या दवाखान्यातही आता तिला त्याच नावाने हाक मारतात म्हणे. पहिल्या हाकेला ओ देते का, ते मी विचारलं नाही.

फोटो घेऊन मी गुरुजींकडे गेले. म्हटलं, हे खरं आहे का बघा, आणि किती वर्षांचं आहे तेही वाचा. त्यांनी चष्मा लावला. खाली एक तारीख होती, त्या तारखेला ते बदलून घ्यावं लागतं.

मग ते कायमचं कसं, असं मी विचारलं. गुरुजींनी तारीख पुन्हा एकदा वाचून दाखवली.